तांबेऱ्यावर कोणतं बुरशीनाशक भारी? गव्हाच्या २४ वाफ्यांच्या नोंदी

१० नोव्हेंबर

प्रश्न एकच ठेवला आहे. गव्हाच्या पानावरच्या नारिंगी तांबेऱ्याला कोणतं बुरशीनाशक जास्त आवर घालतं? भुरी, करपा, ओंबीवरचे रोग हे सगळं एकाच प्रयोगात कोंबायचा मोह टाळला. मागे एकदा तसं केलं होतं आणि शेवटी हाती आकड्यांचं गाठोडं उरलं, निष्कर्ष एकही नाही.

सहा उपचार. क: नुसतं पाणी. ख: मॅन्कोझेब. ग: प्रोपिकोनाझोल, लेबलवरची पूर्ण मात्रा. घ: प्रोपिकोनाझोलच, पण निम्मी मात्रा. च: ॲझॉक्सिस्ट्रोबिन. छ: टेब्युकोनाझोल आणि ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन यांचं तयार मिश्रण.

निवड मुद्दाम वेगवेगळ्या गटांतून केली. मॅन्कोझेब स्पर्शजन्य. पानावर थर देऊन बसतं, आत शिरत नाही, आणि बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे बुरशीला त्यावर तोड काढणं अवघड जातं. प्रोपिकोनाझोल आणि टेब्युकोनाझोल ट्रायझोल गटातले. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल ते तयारच होऊ देत नाहीत. ॲझॉक्सिस्ट्रोबिन आणि ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन हे स्ट्रोबिल्युरिन. ते बुरशीचा श्वास कोंडतात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जेची साखळी तोडतात.

प्रत्येक उपचाराचे ४ वाफे, एकूण २४. वाफा ५ मीटर × २ मीटर. जमिनीला थोडा उतार आहे, म्हणून उताराला आडवे चार गट पाडले आणि प्रत्येक गटात सहाही उपचार चिठ्ठ्या टाकून बसवले. चिठ्ठ्या टाकताना दुसऱ्या गटात दोन ट्रायझोल शेजारी शेजारी आले. हात शिवशिवले, पण बदलले नाहीत. आपल्या सोयीनं एक चिठ्ठी हलवली की पुढचं सगळं गणित खोटं पडतं. हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं इंग्लंडातल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात बसून १९२० च्या दशकात पटवून दिलंय, तरी हात शिवशिवतातच.

१४ नोव्हेंबर

पेरणी. वाण तांबेऱ्याला लवकर बळी पडणारं घेतलं. पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण रोगच आला नाही तर तुलना कशाची करायची? प्रयोगाभोवती त्याहूनही नाजूक वाणाच्या दोन ओळी पेरल्या. तांबेरा आधी तिथे वाढेल आणि वाऱ्यानं आत जाईल. वाफ्यांच्या मधल्या १ मीटरच्या पट्टीत मात्र तांबेऱ्याला दाद न देणारं वाण टाकलं, म्हणजे एका वाफ्यातले बीजाणू (बुरशीचं बी) सरळ शेजाऱ्याकडे जाणार नाहीत. पूर्ण अडणार नाहीत, कमी होतील.

लहान वाफ्यांच्या प्रयोगातली ही जुनी दुखरी जागा आहे. पाण्याच्या वाफ्यातला तांबेरा शेजारच्या फवारलेल्या वाफ्यावर सतत बीजाणू टाकत राहतो, त्यामुळे फवारलेला वाफा आहे त्याहून वाईट दिसतो. आणि पाण्याच्या वाफ्याला चहूबाजूंनी फवारलेले शेजारी मिळतात, म्हणून तो आहे त्याहून बरा दिसतो. दोन्हीकडून फरक आकसतो. सबंध शेत एकाच द्रव्यानं फवारलं तर दिसेल त्यापेक्षा आपला आकडा कमीच असणार, हे धरून चालायचं.

२६ डिसेंबर

फुटवे भरपूर, खुरपणी दोनदा झाली, पिकानं कांडी धरायला सुरुवात केली आहे. रोग नाही.

२९ डिसेंबर

दिवसभर पंप. चार नोझलचा आडवा दांडा, नोझलमध्ये ५० सेंटिमीटर अंतर, म्हणजे एका फेरीत वाफ्याची पूर्ण २ मीटर रुंदी. चार नोझलखाली चार मोजपात्रं धरून एक मिनिट पाणी सोडलं: ६००, ६१०, ५९५ आणि ५२० मिलिलिटर. चौथं नोझल बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त मागे, म्हणजे बाद. काढून उजेडात धरलं तर भोकाच्या कडेला पांढरा खडा दिसला. घासून काढता आला असता, पण घासताना भोक मोठं होतं. सरळ नवीन बसवलं. मोजलं नसतं तर प्रत्येक वाफ्याच्या उजव्या कडेला मात्रा कमी पडली असती आणि दोष बुरशीनाशकाला गेला असता.

हेक्टरी ३०० लिटर पाणी धरलं. वाफा १० चौरस मीटर, म्हणजे वाफ्याला ३०० मिलिलिटर. चार नोझल मिळून मिनिटाला साधारण २४०० मिलिलिटर सोडतात, म्हणजे ५ मीटर चालायला साडेसात सेकंद हवेत. मोबाइलवर ठोक्याचं ॲप लावून पाऊल बसवत बसलो. बावीस-तेवीस फेऱ्यांनंतर जमलं. कुत्रं सोबत चालत होतं, त्याला आधी जमलं.

प्रोपिकोनाझोल २५ टक्के ईसी (पाण्यात मिसळणारं तेलकट द्रावण) हेक्टरी ५०० मिलिलिटर, म्हणजे वाफ्याला फक्त अर्धा मिलिलिटर. चार वाफ्यांना २, आणि नळीत उरणारं धरून दीड लिटर पाण्यात अडीच. निम्म्या मात्रेला सव्वा मिलिलिटर. हे झाकणानं मोजायचं काम नव्हे. सुई काढलेली १ आणि ५ मिलिलिटरची सिरिंज, प्रत्येक द्रव्याला वेगळी.

२ जानेवारी

कडेच्या ओळींवर तांबेरा सोडला. साठवलेले बीजाणू पाण्यात कालवले; ते पाण्याला धरत नाहीत, वर तरंगतात, म्हणून ट्वीनचा, म्हणजे साबणासारख्या द्रव्याचा, एक थेंब घातला. दिवस मावळताना फवारलं आणि रात्रभर प्लॅस्टिक झाकलं. बीजाणूला पानात शिरण्यासाठी पानावर काही तास ओल टिकावी लागते आणि हवा थंडसर, १५ ते २० अंशांच्या आसपास असावी लागते. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून धारा लागलेल्या होत्या. मनासारखं.

१२ जानेवारी

कडेच्या ओळींवर पुळ्या फुटल्या. अंगठा फिरवला की नारिंगी भुकटी लागते. आता वाऱ्याचं काम सुरू.

१६ जानेवारी

शेंड्याचं पान बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त बाहेर आलं आहे. पिकाच्या वाढीचे टप्पे मोजणाऱ्या झाडोक्सच्या १९७४ च्या मोजपट्टीवर ३९ म्हणजे हे पान पुरतं उलगडलेलं. आपण दोन-तीन दिवस अलीकडे आहोत. गव्हात दाणा भरण्याचा मोठा भार याच पानावर असतो, म्हणून एकाच फवारणीचा प्रयोग असेल तर ती इथेच.

सकाळी साडेसातला सुरुवात. पहिला गट, दुसरा गट, सगळं ठोक्यात. साडेनऊला वारा सुटला. दांड्याखालचा फवारा तिरका होऊन पट्टीवर जायला लागला, तिथेच थांबलो. तिसरा आणि चौथा गट राहिला. संध्याकाळी बघू म्हटलं, पण वारा काही पडला नाही.

१९ जानेवारी

काल दुपारपासून भुरभुर पाऊस, आज सकाळी दहापर्यंत दाट धुकं. पानं टपटप ओली. तांबेऱ्याला यापेक्षा चांगली रात्र मागूनही मिळाली नसती. पहिले दोन गट पावसाआधी फवारलेले आहेत. उरलेले दोन उघडे पडले.

सहकारी म्हणाली, "सर, प्रयोग गेला का?" मी म्हटलं, माहीत नाही. रात्री कागदावर मांडून पाहिलं. प्रत्येक गटात सहाही उपचार आहेत, त्यामुळे गटाच्या आतली तुलना शाबूत आहे. बिघडलंय ते इतकंच की अर्धा प्रयोग लागणीआधीचा झाला आणि अर्धा लागणीनंतरचा होणार. बिघडलंय म्हणायचं की सापडलंय, ते पुढे ठरेल.

२२ जानेवारी

वारा शांत, पानं कोरडी. तिसरा आणि चौथा गट फवारला. पहिल्या फवारणीनंतर सहा दिवस, ओल्या रात्रीनंतर तीन-चार दिवस. एक पान तोडून उजेडासमोर धरलं तर हिरव्यात टाचणीच्या डोक्याएवढे फिकट ठिपके दिसले. पुळी नाही, पण बुरशी आत आहे.

२५ जानेवारी

रोग मोजण्याचा सराव. तांबेऱ्याच्या पानाचा फोटो काढून त्यावर चौकटी टाकल्या आणि मोजल्या. मी अंदाजानं २५ टक्के म्हटलेलं पान मोजून ११ निघालं. "सर, हे वीस नाही हो, दहाच आहे," हे वाक्य आज सहकारीनं चार वेळा ऐकवलं आणि चारही वेळा तीच बरोबर होती. विखुरलेले छोटे ठिपके डोळ्याला नेहमी जास्त वाटतात. संध्याकाळपर्यंत दोघांचा अंदाज ३-४ टक्क्यांच्या आत आला.

एक गोष्ट वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिली: आपण पानाचं खरं झाकलेलं क्षेत्र टक्क्यांत मोजतोय, सुधारित कॉब मोजपट्टी नव्हे. त्या मोजपट्टीत पानाचा ३७ टक्के भाग पुळ्यांनी भरला की त्याला १०० म्हणतात. एकानं एक धरली आणि दुसऱ्यानं दुसरी, की झालं.

वाफ्यांचा नकाशा खणात टाकून कुलूप लावलं. मोजताना हातात फक्त क्रमांक. ही आंधळी मोजणी कागदावरच छान दिसते म्हणा. मॅन्कोझेबचा पिवळसर थर पानावर उघड दिसतो, त्यामुळे ख कुठे आहे हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून पहिला आकडा सहकारीचा, मग माझा, आणि एकमेकांचे आकडे ऐकायचे नाहीत.

३० जानेवारी

पहिलं वाचन. प्रत्येक वाफ्यातले दहा फुटवे, त्यांचं शेंड्याचं पान. पाण्याच्या वाफ्यांत ८ टक्क्यांच्या आसपास. आज परिणामकारकतेचा टक्का काढायचा नाही, असं स्वतःला बजावलं. ॲबटचं १९२५ चं सूत्र सोपं आहे: पाण्याच्या वाफ्यातला रोग वजा फवारलेल्यातला, भागिले पाण्याच्या वाफ्यातला, गुणिले १००. मूळचं ते कीटकनाशकांसाठीचं, पण सगळीकडे चालतं. रोग ४ असेल आणि फवारलेल्यात १, तर उत्तर ७५ टक्के येतं. ऐकायला दणदणीत, पण पानाच्या हिशेबात फरक ३ टक्क्यांचा, आणि आमची मोजायची चूकच तेवढी.

आज सगळ्यात बोलकं होतं ते मॅन्कोझेबचं पान, गट १ मधलं. टोकाकडचा अर्धा भाग स्वच्छ आणि देठाकडे पुळ्या, जणू मधे रेघ ओढली आहे. गव्हाचं पान टोकाकडून बाहेर येतं आणि बुडाकडून वाढतं. १६ तारखेला जेवढं बाहेर होतं तेवढ्यावर थर बसला. नंतर जे बाहेर आलं ते उघडंच. ज्या जागी औषध पडलं तेवढीच जागा राखायची, हा स्पर्शजन्याचा स्वभाव एका पानावर लिहून मिळाला. ट्रायझोलच्या पानांवर अशी रेघ नाही. पण आंतरप्रवाही म्हणजे सगळ्या झाडात फिरतं, असंही समजू नये. ही द्रव्यं पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानाच्या टोकाकडे सरकतात, खाली उतरत नाहीत.

३ फेब्रुवारी

गट ३ च्या कोपऱ्यात, दाट पिकात, खालच्या पानांवर भुरी. च च्या, म्हणजे ॲझॉक्सिस्ट्रोबिनच्या, वाफ्यातही आहे. हा आपला प्रश्न नाही, फक्त नोंद.

पण नोंदीपुरतं का होईना, लिहायला हवं. स्ट्रोबिल्युरिन १९९६ मध्ये बाजारात आले आणि दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीनं त्यांना दाद देणं सोडलं. सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं, ग्लायसीनच्या जागी ॲलानीन आलं, आणि द्रव्याला बसायला जागाच उरली नाही. तांबेऱ्यात हा बदल होऊ शकत नाही असं मानतात, आणि कारण मोठं मजेदार आहे. त्याच्या जनुकात १४३ व्या जागेला लगटून एक इंट्रॉन, म्हणजे कापून टाकायचा तुकडा, असतो. तिथलं अक्षर बदललं की तुकडा नीट कापला जात नाही, प्रथिन बनत नाही आणि बुरशी स्वतःच मरते. एकाच फवारणीत ज्या द्रव्याला एक रोग बोथट करतो त्यालाच दुसरा बळी पडतो, तो असा. माझ्या कोपऱ्यातली भुरी त्यातलीच आहे असं मात्र म्हणता येणार नाही; डीएनए तपासल्याशिवाय ते विधान करायचं नसतं.

८ फेब्रुवारी

दाणा चिकात. दुसरं वाचन, आणि सगळा मासला इथे आहे. शेंड्याच्या पानाचा टक्का, गट १, २, ३, ४ या क्रमानं. संध्याकाळी नकाशा काढून नावं लावली. तिसरं वाचन होईपर्यंत थांबायला हवं होतं, धीर निघाला नाही.

पाणी: ३५, ३२, ३८, ४१
मॅन्कोझेब: ९, ११, २९, ३३
प्रोपिकोनाझोल पूर्ण: ६, ७, १०, १२
प्रोपिकोनाझोल निम्मी: ११, १३, २२, २५
ॲझॉक्सिस्ट्रोबिन: ५, ६, २१, १९
तयार मिश्रण: ३, ४, ७, ८

चारही गटांची सरसकट सरासरी घेऊन ॲबटच्या सूत्रानं परिणामकारकता काढली तर मॅन्कोझेब ४४ टक्के, ॲझॉक्सिस्ट्रोबिन ६५, प्रोपिकोनाझोल ७६. क्रम लावून मोकळं होता येईल. आणि तो क्रम चुकीचा असेल. कारण पहिल्या दोन गटांत मॅन्कोझेब ७०, प्रोपिकोनाझोल ८१, ॲझॉक्सिस्ट्रोबिन ८४. आणि शेवटच्या दोनांत २२, ७२ आणि ४९. पावसाआधी किंचित वरचढ असलेलं ॲझॉक्सिस्ट्रोबिन पावसानंतर प्रोपिकोनाझोलच्या २३ टक्क्यांनी मागे. स्ट्रोबिल्युरिन बीजाणूचं रुजणं अडवण्यात पटाईत. बुरशी पानात शिरून चार दिवस झाल्यावर त्याचा हात आखडतो. ट्रायझोल आत गेलेल्या बुरशीलाही काही दिवस गाठू शकतो. मॅन्कोझेबला तर आतलं काही दिसतच नाही.

दोन आकडे गोल करून ठेवलेत. निम्मी मात्रा, वेळेवर: सरासरी १२ टक्के रोग. पूर्ण मात्रा, सहा दिवस उशिरा: ११ टक्के. सहा दिवसांच्या उशिरानं अर्धी मात्रा खाल्ली.

गट ३ च्या प्रोपिकोनाझोल वाफ्यातल्या पुळ्या भिंगाखाली पाहिल्या. तपकिरी, बसलेल्या, अंगठ्याला भुकटी लागत नाही. मेलेल्या पुळ्याही टक्क्यात धरल्या जातात. म्हणजे नंतर फवारलेल्या वाफ्यांचं माप आपण थोडं जास्त मोजतोय. जागा व्यापली हे खरं, पण पुढे पसरणार नाही हेही खरं. वेगळा रकाना आखला: जिवंत आणि मेलेली.

१८ फेब्रुवारी

तिसरं वाचन. गट १ मधला पाण्याचा वाफा ७० वर गेला. त्याच्या ८, ३५, ७० या तीन वाचनांवरून रोगवाढीच्या वक्राखालचं क्षेत्र: (८+३५)/२ × ९ दिवस, म्हणजे १९३.५, (३५+७०)/२ × १० दिवस, म्हणजे ५२५, बेरीज ७१८.५. शेवटच्या एका वाचनापेक्षा हा आकडा खरा, कारण लवकर आलेला आणि उशिरा आलेला रोग शेवटी सारखाच दिसला तरी पिकाला सारखा पडत नाही.

आता पानं वयानंही पिवळी पडायला लागलीत. तांबेऱ्यानं गेलेलं आणि म्हातारपणानं गेलेलं पान वेगळं काढता येईना, म्हणून आजपासून हिरवा राहिलेला भाग मोजला. च आणि छ (ॲझॉक्सिस्ट्रोबिन आणि तयार मिश्रण) चे वाफे लांबूनच ओळखू येतात, शेजारी पिवळे आणि हे हिरवे. स्ट्रोबिल्युरिन रोग नसतानाही पान उशिरापर्यंत हिरवं ठेवतात, म्हणून हा हिरवेपणा सगळाच रोगनियंत्रणाच्या खात्यात टाकायचा नाही.

१८ मार्च

काढणी. दोन्ही कडांच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडून मधल्या सहा ओळी, म्हणजे निव्वळ ४.८ चौरस मीटर. च आणि छ चे दाणे अजून जरा ओलसर, म्हणून नुसतं वजन चालणार नाही. सगळं १२ टक्के ओलाव्यावर आणलं. उदाहरणार्थ २.१० किलो, ओलावा १४.२ टक्के: २.१० × ८५.८ / ८८ = २.०५ किलो. पन्नास ग्रॅम इथेच गेले. लहान वाफ्यात पन्नास ग्रॅम म्हणजे हेक्टरी क्विंटलभराचा फरक.

गट ४ मधल्या पाण्याच्या वाफ्याचे दाणे मुठीत घेतले. सुरकुतलेले, हलके. हजार दाण्यांचं वजन उद्या.

२४ मार्च

पृथक्करण. टक्के होते तसे न घेता कोनीय रूपांतर (टक्क्यांचा विखुरलेपणा सारखा करणारं गणित) करून घेतले. ठरल्याप्रमाणे चार गट, सहा उपचार, चुकीला १५ मुक्तांश (फरक जोखायला मोकळे उरणारे आकडे). पण तसं केलं तर तारखेमुळे झालेला उलटफेर सगळा चुकीत जाऊन बसतो, क्रांतिक फरक (ज्याच्या आतला फरक योगायोगाचा धरतात तो) फुगतो आणि मॅन्कोझेब व निम्मी मात्रा यांच्यातला फरकच दिसेनासा होतो. म्हणून तारीख वेगळी काढली: तारखेला १, तारखेतल्या गटांना २, उपचारांना ५, उपचार आणि तारीख यांच्या परस्परक्रियेला (तारखेनुसार उपचाराचा परिणाम बदलण्याला) ५, चुकीला १०. परस्परक्रिया ठळक निघाली.

इथे प्रामाणिकपणे एक कुंपण घालावं लागतं. पहिले दोन गट उताराच्या वरच्या बाजूचे आणि नंतरचे दोन खालचे. खाली दव जास्त वेळ टिकतं. पाण्याच्या वाफ्यांतही तिथे रोग थोडा जास्तच आहे. त्यामुळे उशिराचा म्हणून जो परिणाम दिसतो त्यात खालच्या जमिनीचा वाटा किती, हे या मांडणीतून सुटं होत नाही. उपचारांचा क्रम बदलला हे गटाच्या आतलं आहे, त्यावर मी उभा राहीन. 'सहा दिवसांच्या उशिरानं अर्धी मात्रा खाल्ली' हे वाक्य अहवालात जाणार नाही. वहीत राहू दे.

२८ मार्च

पुढच्या हंगामाचा आराखडा. उपचार सहावरून चार: पाणी, मॅन्कोझेब, प्रोपिकोनाझोल, ॲझॉक्सिस्ट्रोबिन. तारखा तीन: लागणीआधी चार दिवस, लागणीनंतर दोन दिवस, लागणीनंतर सहा दिवस. लागणीचा दिवस आता पावसावर सोडायचा नाही, वाफ्यांवरच बीजाणू फवारून तो पक्का करायचा. तारीख मोठ्या वाफ्यात, बुरशीनाशक त्याच्या पोटातल्या लहान वाफ्यांत, आणि तारखांच्याही चिठ्ठ्या प्रत्येक गटात वेगळ्या. १२ × ४ म्हणजे ४८ वाफे.

सहकारीनं आराखडा पाहिला आणि विचारलं, "आणि सर, चार दिवस आधीच्या दिवशी वारा सुटला तर?" त्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं: सकाळी सहाला सुरुवात, आणि एका तारखेचे सगळे वाफे झाल्याशिवाय चहा नाही.